पासोडी आणि पिवळा मार्कर

बऱ्याच दिवसांनी निवांत शनिवार मिळालाय. आजचा विषय तसा रुक्ष वाटेल: कॉलेजच्या पुस्तकातला एक धडा वाचायचा कसा. पण त्यात अंबाजोगाई येते, दासोपंत येतात, निजामाचं राज्य येतं आणि एक वाढदिवसाचा फ्लेक्सही येतो. तेव्हा मंडळी, थोडं सहन करा.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात भाचीचा फोन आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेकॅनिकल. आवाज रडकुंडीला आलेला. "मामा, तीन दिवस झालं वाचायलेय, डोक्यात काहीच बसंना. तीनदा वाचला धडा. पुस्तक बंद केलं की पाटी कोरी." धडा थर्मोडायनॅमिक्सचा, दुसरा नियम आणि एन्ट्रॉपी, चाळीसेक पानं. मागच्या सत्रातला एक विषय आधीच राहिलेला, आणि हाही राहिला तर वर्ष अडकणार अशी परिस्थिती.

म्हटलं, पानाचा फोटो पाठव. फोटो आला तर पान आख्खं पिवळं! मजकूर पिवळा, शीर्षक पिवळं, आकृतीखालची ओळसुद्धा पिवळी. मला हसू आलं, कारण माझंही पुस्तक त्या वयात असंच होतं. फरक इतकाच की माझ्याकडे लाल पेन आणि पट्टी होती. मी त्या विषयात नापास झालो होतो, ही गोष्ट भाचीला तोवर माहीत नव्हती. आता झाली.

मी पडलो सॉफ्टवेअरवाला. अडचण आली की ती आधी कुणी सोडवून ठेवलीय का ते बघायचं, ही धंद्याची सवय. धडा वाचायच्या रीतीवर तर अमेरिकेत ढीगभर काम झालेलं आहे. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या फ्रान्सिस रॉबिन्सन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली विद्यार्थ्यांसाठी एक पुस्तक लिहिलं, त्यात 'एसक्यूथ्रीआर' नावाची पद्धत सांगितली. आधी धडा नुसता चाळायचा. मग प्रत्येक शीर्षकाचा प्रश्न करायचा. त्या प्रश्नाचं उत्तर शोधत वाचायचं, पुस्तक मिटून ते उत्तर आपल्या तोंडाने आपल्यालाच सांगायचं आणि शेवटी उजळणी. कॉर्नेल विद्यापीठातल्या वॉल्टर पॉक यांनी वहीच्या पानाला डावीकडे समास आखून त्यात प्रश्न लिहायची रीत लोकप्रिय केली, तीही याच वळणाची.

हे नुसते उपदेश नाहीत बरं का. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुलांना एक उतारा वाचायला दिला. एका गटाने तो पुन्हा वाचला, दुसऱ्या गटाने न बघता आठवेल तसा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तर चित्र उलटं: पुन्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवत होतं आणि लिहून काढणाऱ्यांना ५६ टक्के. पुढे २०१३ साली डनलॉस्की आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अभ्यासाच्या दहा पद्धती तपासल्या. त्यात रेघा मारणं, रंगवणं आणि पुन्हा पुन्हा वाचणं या तिन्ही गोष्टी 'फारसा उपयोग नाही' या खान्यात गेल्या. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास थोडा थोडा पसरून करणं, या दोघांना वरचा नंबर.

हे सगळं मी भाचीला मोठ्या उत्साहाने सांगितलं. पोरगी गुणी, तिने आठवडाभर तसं केलंसुद्धा. पुढच्या रविवारी मी व्हिडिओवर विचारलं, "एन्ट्रॉपी म्हणजे काय गं?" तिने पुस्तकातलं इंग्रजी वाक्य एकही चूक न करता म्हणून दाखवलं. मी म्हटलं, "म्हणजे काय?" तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी जरा हळू. "अगं, पण म्हणजे काय?" त्यावर बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.

प्रश्न तिने पुस्तकातल्या इंग्रजीतून काढला होता, उत्तरही पुस्तकातल्याच इंग्रजीत दिलं होतं, आणि मधे ती स्वतः कुठेच नव्हती. रॉबिन्सनची मुलं ज्या भाषेत आईशी भांडत, त्याच भाषेत त्यांचं पुस्तक होतं. त्यामुळे 'आपल्या शब्दांत सांगा' एवढं म्हटलं की त्यांचं काम भागत असणार. आमच्या पोरीचे आपले शब्द एका भाषेत आणि पुस्तक दुसऱ्या. दहावीपर्यंत मराठी माध्यम, तेही खेड्यातल्या शाळेत. पद्धत चांगलीच आहे, पण एक पायरी त्यात नव्हती. ती पायरी मला आमच्या घरातच सापडली.

आमचे आजोबा, म्हणजे हिचे पणजोबा, १९४० च्या दशकात मोमिनाबादला शिकले. मोमिनाबाद म्हणजे अंबाजोगाईच. निजामाच्या राज्यात गावाचं सरकारी नाव ते होतं. बीड जिल्हा तेव्हा हैदराबाद संस्थानात. खालच्या वर्गात थोडंफार मराठी मिळायचं, पण वर सरकलं की सरकारी शाळेत सगळं उर्दूतून. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत, भूगोल उर्दूत. घरी बोली आमचीच, 'कुठं गेलतास रे' वाली.

त्यांची एक वही अजून आमच्या घरी आहे. ती दोन्हीकडून उघडते. उर्दू उजवीकडून डावीकडे जाते, त्यामुळे एका बाजूने उर्दू वही सुरू होते. उलटी करून दुसऱ्या बाजूने उघडली की मराठी वही. एका बाजूला वर्गात उतरवून घेतलेला धडा, दुसऱ्या बाजूला त्याच धड्याचं आजोबांचं मराठी. एका पानावर 'मुसल्लस' आणि त्याच्या जोडीला 'त्रिकोण'. 'ज़ाविया-क़ाइमा'च्या जोडीला 'काटकोन'. काही ठिकाणी जोडशब्द सापडलेला नाही, तिथे त्यांनी आख्खं वाक्य लिहून काढलंय. काही ठिकाणी नुसती एक फुली, म्हणजे कळलं नाही. लहानपणी मला त्या वहीची गंमत वाटायची ती फक्त दोन्हीकडून उघडते म्हणून. त्या फुल्यांकडे मी यंदा पहिल्यांदा नीट बघितलं. पुढच्या पानांवर त्यातल्या काही फुल्या खोडून वर उत्तर लिहिलेलं आहे, वेगळ्या शाईत. म्हणजे माणूस परत आला होता.

ही उर्दू पुस्तकं आली कुठून, हा इतिहासही सांगण्यासारखा आहे. निजाम सरकारने १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ काढलं, आणि तिथे उच्च शिक्षणाचं माध्यम इंग्रजी न ठेवता उर्दू ठेवलं. इंग्रजी अमदानीत एका भारतीय भाषेतून विज्ञान, वैद्यक, इंजिनिअरिंगसुद्धा शिकवायचं, हे धाडस लहान नव्हतं. त्यासाठी आदल्या वर्षी, १९१७ साली, एक भाषांतर खातं उघडलं होतं, 'दारुल तर्जुमा'. सुरुवातीला त्याची धुरा मौलवी अब्दुल हक यांच्याकडे होती. हे गृहस्थ आपल्या मराठवाड्यात औरंगाबादला राहत. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू ही संस्था त्यांनी तिथूनच चालवली. भाषांतर खात्याने शेकडो पुस्तकं उर्दूत आणली. विज्ञानाच्या शब्दांसाठी समित्या बसवल्या, अरबी-फारसी धातूंवरून नवे शब्द घडवले. एका शब्दावर वादच्या वाद झडत.

मला या मंडळींबद्दल आदर वाटतो, आणि वाईटही वाटतं. परक्या भाषेतून शिकणाऱ्या मुलाचं डोकं पाठांतरात झिजतं, हे त्यांनी बरोबर ओळखलं होतं. पण संस्थानातली बहुसंख्य प्रजा तेलुगू, मराठी आणि कानडी बोलणारी. एका ओझ्याच्या जागी त्यांच्या डोक्यावर दुसरं ओझं आलं. गणिताचं पुस्तक घोळवून घोळवून आपल्या भाषेत आणण्याचा जो अभ्यास, तो हैदराबादच्या भाषांतरकारांनी केला आणि तो विषय त्यांना पक्का समजला असणार. मोमिनाबादच्या पोराच्या हाती त्या अभ्यासाचं फळ आलं, तेही पुन्हा परक्या लिपीत. अभ्यास त्याला पहिल्यापासून करावाच लागला.

यावर उपाय म्हणून संस्थानात ठिकठिकाणी खाजगी मराठी शाळा निघाल्या. अंबाजोगाईची योगेश्वरी शाळा त्यातलीच. स्वामी रामानंद तीर्थ हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा सोडून १९३५ साली तिथे आले आणि १९३८ च्या सत्याग्रहात तुरुंगात गेले. पुढे हैदराबाद मुक्तिसंग्रामाचं नेतृत्व त्यांनी केलं, ते सगळ्यांना माहीत आहे. त्याआधी ते मास्तर होते हे मात्र मागे पडतं. आपल्या भाषेत धडा शिकवणं हे तेव्हा सरकारच्या डोळ्यांत सलणारं काम होतं. आजोबांना तिथे जायला मिळालं नाही, घरची कारणं. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान गेलं, उर्दू गेली. कॉलेजात तिच्या जागी इंग्रजी आली आणि शास्त्रशाखांत ती आजतागायत बसलेली आहे. आजोबांची पद्धत मात्र जुनी झाली नाही.

आणि ही पद्धत आजोबांची म्हणावी तर तेही खरं नाही. अंबाजोगाईत हा उद्योग सातआठशे वर्षं चाललाय.

गावाबाहेर दरीच्या अंगाला मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांचा 'विवेकसिंधु' शके १११० चा, म्हणजे ११८८ सालचा, मराठीतला आद्य ग्रंथ म्हणून आपण शाळेत पाठ करतो. (त्याच्या काळाबद्दल आणि मुकुंदराज मूळचे कुठले याबद्दल विद्वानांत वाद आहेत. ग्रंथाची भाषा फार सोपी, अलीकडची वाटते असं काही जण म्हणतात, आणि विदर्भातलं अंभोरंही मुकुंदराजांवर हक्क सांगतं. अंबाजोगाईत हे बोलायची सोय नाही. :) ) शाळेत आपल्याला फक्त साल आणि नाव पाठ करायला लावतात. आत काय आहे? शंकराचार्यांच्या परंपरेतला वेदान्त, जो संस्कृतात होता, तो मराठी ओवीत. आणि मांडणी गुरुशिष्य संवादाची. शिष्य शंका काढतो, गुरू उत्तर देतो, त्या उत्तरातून पुन्हा शंका. म्हणजे रॉबिन्सनने विद्यार्थ्याला जे करायला सांगितलं, ते इथे ग्रंथकारानेच करून ठेवलंय; शीर्षकांचे प्रश्न करायची गरजच ठेवलेली नाही.

पण माझा जीव खरा जडलाय तो दासोपंतांवर. शके १४७३ ते १५३७ हा त्यांचा काळ, म्हणजे एकनाथांचे समकालीन. जन्म नारायणपेठेचा, ते गाव आता तेलंगणात आहे. वडील दिगंबरपंत बिदरच्या बरीदशाहीत वसुलीचे अधिकारी. दुष्काळात सरकारी धान्य लोकांना वाटून टाकलं, वसूल भरता आला नाही, म्हणून बादशहाने कोवळ्या दासोपंतांना ओलीस ठेवलं, आणि शेवटी दत्तात्रेयाने पाडेवाराच्या वेशात येऊन रक्कम भरली, अशी कथा आहे. पुढे हा मुलगा घर सोडून माहूर, मग गोदाकाठचं राक्षसभुवन असं करत अंबाजोगाईला येऊन राहिला. आणि लिहीत सुटला. गीतेवरची त्यांची 'गीतार्णव' ही टीका सव्वा लाख ओव्यांची सांगतात. गीतेवर त्यांनी लिहिलेला हा एकच ग्रंथ नव्हे, 'गीतार्थबोधचंद्रिका' वेगळी. रोज एक ढब्बू पैशाची शाई ते संपवत, असंही गावात सांगतात. ढब्बू पैशाला किती शाई येत असेल याचा हिशोब मी एकदा करायला बसलो होतो. असो.

एकाच मूळ ग्रंथावर माणूस पुन्हा पुन्हा का लिहितो? भक्ती हे उत्तर आहेच. पण मला दुसरंही एक दिसतं. एकदा लिहिल्यावर काय कळलं नव्हतं ते कळतं, म्हणून मग परत लिहायचं. आजोबांच्या खोडलेल्या फुल्या आणि हे, मला एकाच जातीचं वाटतं. पुरावा विचाराल तर नाही.

दासोपंतांची सगळ्यात अजब चीज म्हणजे पासोडी. पासोडी म्हणजे पांघरायचं जाडंभरडं सुती कापड. तसल्या सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी 'पंचीकरण' हा विषय लिहून काढला, ओव्यांनी आणि आकृत्यांनी. कापड अंबाजोगाईला अजून जपलेलं आहे. मी त्याचे फोटोच पाहिलेत, पण त्यावरूनही अंदाज येतो. कागद मिळत नव्हता म्हणून कापड घेतलं असेल, असं म्हणावं तर इतक्या ओव्या लिहिणाऱ्याला कागदाची काय ददात? विषयच असा आहे की तो पानांत तोडला की हातातून निसटतो.

पंचीकरण हे वेदान्ताच्या विद्यार्थ्याचं पाठ्यपुस्तकच. आकाश, वायू, तेज, आप, पृथ्वी ही पाच सूक्ष्म भुतं. त्यांची सरमिसळ होऊन दिसणारं जग कसं बनतं, ते सांगणारा हा धडा. रीत अशी: प्रत्येक भुताचे दोन अर्धे भाग करायचे. एक अर्धा जागेवर ठेवायचा. दुसऱ्या अर्ध्याचे चार तुकडे करायचे, म्हणजे प्रत्येकी एक-अष्टमांश, आणि ते बाकीच्या चार भुतांना वाटायचे. म्हणजे दिसणाऱ्या पृथ्वीत अर्धी पृथ्वी आणि बाकी चौघांचा एकेक अष्टमांश. कागदावर पाच बाय पाचचा तक्ता आखून बघा. कर्णावर सगळे अर्धे, बाकी सगळे अष्टमांश, कुठलीही आडवी ओळ घ्या की उभी, बेरीज एक. आमच्या धंद्यातल्या माणसाला हा तक्ता बघून काय होतं ते सांगायला नको.

मग याच पंचविसांतून शरीराची पंचवीस तत्त्वं निघतात. रामदासांच्या दासबोधातही ही यादी आहे. पृथ्वीची अस्थी, मांस, त्वचा, नाडी, रोम. वायूची चळण, वळण, प्रसारण, निरोध, आकुंचन. आकाशाची काम, क्रोध, शोक, मोह, भय. भौतिकशास्त्र म्हणून यातलं आज काही टिकणार नाही, तो मुद्दाच नाही. मुद्दा असा की हा धडा एकामागून एक ओळीत वाचला तर पंचवीस नावांचं पाठांतर होतं, आणि तक्त्यात मांडला तर प्रत्येक खाना आपण होऊन प्रश्न विचारतो: तू इथेच का? शेजारच्या खान्यात का नाहीस? चाळीस फुटांच्या कापडापुढे बसून तुम्ही या टोकाचं त्या टोकाशी ताडून बघू शकता. पान उलटायचं नाही, मागचं विसरायचं नाही.

आता इथे एक शंका मला बरेच दिवस छळत होती. ती पासोडी कुणाच्या उपयोगाची होती? आपण म्हणू, शिष्यांच्या. तयार तक्ता समोर अंथरला, झाला अभ्यास. पण मग आमच्या वेळची झेरॉक्सची नोट्स काय वाईट होती? आम्हीही वर्गातल्या हुशार मुलीची वही झेरॉक्स करून आणायचो. तिचे तक्ते सुंदर असायचे. ती पहिली यायची आणि आम्ही कसेबसे पास. तक्ता तिने आखला होता, म्हणून तो तिच्या डोक्यात होता. दासोपंतांची पासोडी आज पाहणाऱ्याला थक्क करते. पंचीकरण मात्र दासोपंतांनाच समजलेलं असतं. शिष्यांना फायदा व्हायचा असेल तर तो कापडावर बोट ठेवून गुरूशी हुज्जत घालण्यातून होत असणार, नुसतं बघून नव्हे.

(बीडकरांचा एक जुना दावाही इथे नोंदवून ठेवतो. भास्कराचार्य आपल्या गावाचं नाव विज्जडविड सांगतात, ते म्हणजे बीड असं काही अभ्यासक मानत आले. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ काढला, त्याचा शके ११२८ चा शिलालेख चाळीसगावजवळच्या पाटणला आहे, त्यामुळे पारडं तिकडे झुकतं. पण लीलावती बघा: नियम सांगितला की लगेच वाचणाऱ्याला गणित घातलेलं असतं. वाचक गप्प बसून राहील ही कल्पनाच त्या पुस्तकाला मान्य नाही.)

तर, भाचीकडे परत येतो. मी तिला आजोबांच्या वहीचे फोटो पाठवले आणि पासोडीचे. म्हटलं, रंगवणं बंद. चाळीस पानं एकाच ठिकाणी मांड, तुझ्या बोलीत, पुस्तकातलं एकही वाक्य न घेता. इंग्रजी शब्द ठेव, वाक्य ठेवू नकोस. कळलं नाही तिथे फुली.

"मामा, एवढा मोठा कागद कुठून आणू?"

यावर मी काही बोलायच्या आत तिच्या खोलीतल्या मैत्रिणीने उत्तर काढलं. चौकातला वाढदिवसाचा एक फ्लेक्स उतरला होता, दहा बाय सहाचा. तो तिने मागून आणला. पुढे भाऊसाहेबांचा काळा चष्मा आणि शुभेच्छुकांची रांग, मागची बाजू पांढरी स्वच्छ. आमच्या जिल्ह्यात या मालाची टंचाई कधीच पडणार नाही.

ही मैत्रीण मधे आली ते फार बरं झालं. तिचे आईवडील ऊसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळी निघते, कधी पश्चिम महाराष्ट्र, कधी कर्नाटक, आणि कारखान्याचा पट्टा पडला की परत. तिची हिवाळी परीक्षा नेहमी त्यांच्या माघारी. अडलं तर फोन करायला तिला मामा नाही. शिकवणी लावायला पैसे नाहीत. पुस्तक ग्रंथालयाचं, म्हणजे त्यात रेघ मारायचीही सोय नाही, त्यामुळे पिवळ्या मार्करचा रोग तिला जडलाच नव्हता! तिला धडा वाचता यायला हवा, एवढाच तिच्याकडे मार्ग आहे. हे मी लिहितोय ते दया म्हणून नाही. त्या दोघींत जास्त चिवट वाचणारी तीच निघाली.

फ्लेक्सवर मधोमध त्यांनी गुऱ्हाळाची कढई काढली. आच कढईत जाते, कढईतून परत चुलवणात जात नाही. हे पहिलं वाक्य. त्याखाली, कुठलंही इंजिन घेतलेल्या सगळ्या उष्णतेचं काम करून दाखवत नाही, थोडी थंड बाजूला सोडावीच लागते. हे समजावायला मैत्रिणीने उसाची उपमा लिहिली: 'चरकात ऊस घातला तरी सगळा रस निघत नाही, थोडा चिपाडात राहतोच.' मला फोटो आला तेव्हा वा वा केलं मी. उपमा आवडली.

दुसऱ्या दिवशी नवा फोटो. त्या वाक्यावर फुली आणि खाली तिच्याच अक्षरात: 'चूक. चरक चांगला असला तर चिपाडात रस कमी राहील, आणखी चांगला असला तर आणखी कमी. इथं तसं नाही. घर्षण नाही, गळती नाही, एकदम परिपूर्ण यंत्र असलं तरी सोडावंच लागतं. किती, ते दोन तापमानांवर ठरतं, यंत्रावर नाही.'

मी खुर्चीत सरसावून बसलो. हे कार्नोचं म्हणणं आहे, १८२४ सालचं. नापास झालो तेव्हाही मला हे कळलं नव्हतं आणि पुढे पास झालो तेव्हाही नव्हतं. उपमा मला आवडली होती, कारण मी ती फक्त वाचली होती. तिने ती लिहिली होती, म्हणून तिला ती टोचत राहिली. बरं, पुस्तकात हे स्पष्ट लिहिलेलं आहे, आणि भाचीच्या पुस्तकात ती ओळ पिवळी केलेलीसुद्धा आहे.

एन्ट्रॉपीपाशी दोघींना चार दिवस लागले. फ्लेक्सच्या त्या कोपऱ्यात सहा फुल्या होत्या. पाच खोडल्या गेल्या, कशाकशाने ते सगळं इथे देत बसत नाही. परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे. काय होईल ते होईल. पेपर इंग्रजीतच लिहायचाय, आणि मराठीत समजलेलं इंग्रजीत उतरवायचा सराव त्या आता रोज रात्री करतात, एक विचारते, दुसरी लिहिते.

सहावी फुली अजून तशीच आहे. भाचीने काल रात्री त्याबद्दलच फोन केला होता. "मामा, एन्ट्रॉपी आपोआप कमी होत नाही, वाढतच जाते, बरोबर?" बरोबर, म्हटलं, सगळं मिळून धरलं तर. "मग एकदम सुरुवातीला ती एवढी कमी होतीच कशी?"

मी तिला सांगितलं की यावर भले भले शास्त्रज्ञ अडलेले आहेत, ती फुली खोडू नको. तर मागून मैत्रिणीचा आवाज आला, "मग परीक्षेला येणार नाही ना मामा?" म्हटलं, नाही गं, परीक्षेला नाही येणार.